एकावन्नावी खुर्ची

आमच्या वन्सं मुळातच कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या त्यातलं निम्मं मेलेल्यांशी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याची थोरली बहीण आहे, लग्न केलेलं नाही, कुठल्याशा मंडळात कारकून आहे, स्वभावाने गरीब आहे, एवढंच कानावर घातलं होतं. गरीब कसल्या! त्यांच्याइतकं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आता त्या नाहीत, म्हणून सांगते. असत्या तर मला नुसतं बघून गप्प केलं असतं.

त्यांचं ते मंडळ म्हणजे जगभरच्या शेवाळ-अभ्यासकांचं मंडळ. हो, शेवाळच. मोरीच्या पायरीवर धरतं आणि ज्याच्यावरून पाय घसरून आपण सपशेल आपटतो, ते. त्याचा जन्मभर अभ्यास करणारी शहाणी माणसं पंचवीसेक देशांत आहेत, हे मला वन्संमुळे कळलं. ही माणसं वर्षातून चारदा एक पत्रिका काढायची, तीन वर्षांतून एकदा कुठेतरी जमायची आणि एरवी एकमेकांच्या चुका काढायची. या सगळ्याची कचेरी मात्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, जुन्या बँकेच्या वर दोन खोल्यांत होती. पुढच्या खोलीत वन्संचं टेबल आणि मागच्या खोलीत कपाट.

सगळा जीव त्या कपाटात. औषधं देणाऱ्या जुन्या डॉक्टरांकडे असतं तसं, बोटभर कप्प्यांचं. दर कप्प्यावर एक नाव, आत एक कागदाची पुडी. सभासद व्हायचं तर आपल्या दारापाशी वाढलेलं चिमूटभर शेवाळ वाळवायचं, पुडी बांधायची, वर सही करायची आणि पाठवायची. वर्गणी मागाहून दिली तरी चाले, पुडी आधी. ज्या बाईने मंडळ काढलं तिचा हा दंडक. तिचं म्हणणं असं की पाणी घातल्याशिवाय शेवाळ मेलं असं म्हणू नये. कागदात वर्षानुवर्षं वाळून भुगा झालेलं शेवाळ थेंबभर पाण्याने जागं होतं. आता हे शास्त्र म्हणून ठीक आहे. पण या बाईने ते नियमावलीत घातलं, नववा नियम म्हणून. सभासद गेल्याची बातमी आली की त्याच्या पुडीतलं थोडं काढून पाणी द्यावं. जागं झालं तर त्याचं नाव पटावर राहील, नाही झालं तर लाल रेघ. आणि खाली आणखी एक ओळ: सभासद सभेत बसू शकला नाही तर त्याच्या जागी त्याची पुडी बसेल, मात्र ती जागी व्हायला हवी. बाई गमतीची असणार. पण पुढच्या पन्नास वर्षांत या विद्वानांचं कशावरच एकमत झालं नाही, त्यामुळे नियम काढून टाकायचा तर तोही निघेना. तसाच राहिला.

हे पाणी देण्याचं काम वन्संचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तो दिवस विसरत नाही. त्या डबा घरी विसरल्या म्हणून द्यायला गेले होते, भर दुपारी. मागच्या खोलीत त्या एका बशीसमोर बसल्या होत्या. बशीत तपकिरी भुगा, झाडून काढलेल्या केरासारखा. हातात काचेची नळी. त्यांनी कुणाचं तरी परदेशी नाव घेतलं, स्पष्ट, हाक मारावी तसं, आणि एक थेंब सोडला. खिडकी बंद होती, वारा नव्हता, बशीला कुणी हात लावला नव्हता. आणि तो भुगा हलला. एकेक काडी अंग सोडवत उठली, बारीक पानं उलगडली आणि मिनिटभरात सगळं हिरवंगार झालं. खोलीत ओल्या मातीचा वास सुटला, आपल्या गावच्या नाही, दुसऱ्याच कुठल्या. वन्सं बशीकडे बघून म्हणाल्या, "उठलात? बरं झालं." आणि वहीत त्या नावापुढे लिहिलं, 'जागी'. मी डबा टेबलावर आपटला आणि सुटले. दोन दिवस मला घरात एकटीला शिलाई यंत्रावर बसवेना. आमचे हे हसले, म्हणाले, शेवाळ आहे गं, शेवाळाला काय भ्यायचं. मी म्हटलं, तुम्ही बघून या आणि मग हसा. गेले नाहीत.

त्या कपाटात एक पुडी बेटावरच्या मास्तरांची होती. हे मास्तर कुठल्याशा दूरच्या बेटावर शाळा चालवायचे आणि फावल्या वेळात शेवाळ गोळा करायचे. वर्गणीच्या पावतीवरून पत्रव्यवहार सुरू झाला आणि एकोणीस वर्षं चालला. मी काही आंधळी नाही. महिन्यातून एक जाड पाकीट घरच्या पत्त्यावर यायचं आणि त्या दिवशी वन्सं आमटीत मीठ दोनदा घालायच्या. मास्तर दरवेळी लिहायचे, पुढच्या सभेला येतो. वन्सं दरवेळी कचेरीतली खुर्ची पुसून घ्यायच्या. भेट काही झाली नाही. एक दिवस वन्संचंच पत्र परत आलं, वर टपालखात्याचा शिक्का, पाकीट घेणारा मयत. मी ताटावरून उठले आणि त्यांच्या खोलीपाशी गेले, तर दार आतून लावलेलं. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर कामाला गेल्या. संध्याकाळी मी धीर करून विचारलं, पाणी दिलंत का. म्हणाल्या, "दिलं. जागे आहेत." एवढंच. नंतर मी दोनतीनदा म्हटलं, मला दाखवा ना. तर म्हणायच्या, सारखं भिजवलं की मरतं.

त्यानंतर अकरा वर्षांनी मंडळ बुडायला लागलं. जुन्या खजिनदारांना थाटाची हौस. शिल्लक होती तेवढी त्यांनी एका मोठ्या संमेलनात ओतली. मोठं हॉटेल, मोठं सभागृह, आणि आली चाळीस माणसं. पत्रिका बंद पडली. तरुण मंडळी चिडली आणि वेगळी संघटना काढून मोकळी झाली. जाताना दोनशे साठ जणांनी आपापल्या पुड्या परत मागवल्या. वन्संनी त्या एकेक करून टपालाने पाठवल्या आणि रोज घरी येऊन सांगायच्या, आज अमका गेला, आज तमकी गेली. जणू घरातून प्रेतं निघत होती. कपाटात उरल्या बावन्न पुड्या. वन्संना सात महिने पगार नव्हता. घरात पैसा कमी पडायला लागला, म्हणून मी दोन दुकानांच्या पँटी खालून दुमडून द्यायचं काम घेतलं. पण त्यांनी कामावर जाणं चुकवलं नाही.

मंडळाची एक जुनी ठेव बँकेत होती. ती मोडली तर मंडळ तरलं असतं. पण बँक म्हणाली, नवा कारभार सर्वसाधारण सभेने नेमला पाहिजे, आणि नियमाप्रमाणे सभेला एकावन्न सभासद बसलेले हवेत. एकही कमी असला तर मंडळ विसर्जित. अध्यक्षांना हेच हवं होतं. फार मोठा माणूस, मोठ्या विद्यापीठातला. त्यांचा हिशेब सरळ होता: मंडळ मिटवावं, कचेरीतले सूक्ष्मदर्शक आणि ग्रंथ आपल्या विद्यापीठाने घ्यावेत. पुड्यांचं काय, असं वन्संनी पत्राने विचारलं. त्यांना शास्त्रीय मोल नाही, असं उत्तर आलं. म्हणजे केराची टोपली. वन्संनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि नीट घडी घालून ठेवलं.

मी म्हटलं, मास्तरांची पुडी तेवढी उचलून आणा की घरी, कोण विचारतंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली सुई बोटात खुपसून घेतली.

मग त्यांनी नववा नियम काढला. बावन्नातले अध्यक्ष सोडून जिवंत सभासद अठरा, ते येतो म्हणाले होते. उरलेल्या तेहेतीस पुड्या गेलेल्यांच्या, आणि वहीत तेहेतिसांपुढे 'जागी' लिहिलेलं. अठरा आणि तेहेतीस, एकावन्न. सरकारी नोंदणी कचेरीला त्यांनी तसं कळवलं. मला वाटलं होतं, तिथले लोक हसून कागद फेकतील. पण सरकारी माणसाला नियम दाखवला की तो हसत नाही. निरीक्षकाचं उत्तर आलं: नियम मान्य आहे. मात्र वहीतली नोंद चालणार नाही. प्रत्येक पुडी सभेच्या दिवशी माझ्यासमोर, खुर्चीवर ठेवून, पाणी देऊन दाखवावी.

दोन दिवस वन्सं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होत्या. जेवल्या नाहीत धड. मला वाटलं, तेहेतिसातल्या काही आता उठायच्या नाहीत याची त्यांना धास्ती. मी समजूत घातली, म्हटलं, अहो, एकदा उठल्यात त्या परत उठतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला. मला म्हणाल्या, "बश्या लागतील. तू येशील ना माझ्याबरोबर?" त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती, पण नाही कसं म्हणणार?

सभा दुपारी दोनला, बँकेच्याच खालच्या मोठ्या खोलीत. एकावन्न खुर्च्या. बश्यांतला भुगा उडू नये म्हणून खिडक्या बंद. तेहेतीस खुर्च्यांवर बशी, बशीखाली नावाची चिठ्ठी, आणि मधूनमधून अठरा माणसं, बहुतेक म्हातारी. समोर टेबलामागे अध्यक्ष आणि निरीक्षक. अध्यक्षांनी हजेरीपटावर सही केली नव्हती. ते आपले टेबलामागे बसून होते, म्हणजे मोजणीत धरायचे नाहीत. चलाख माणूस.

वन्सं नाव घ्यायच्या, थांबायच्या, माणसाला 'हजर' म्हणायला लागतो तेवढाच वेळ, आणि थेंब सोडायच्या. मी मागून पाण्याचं भांडं धरून. पहिली बशी उठली. दुसरी उठली. सुरुवातीला लोक कुजबुजत होते, एकाने विनोदही केला. सातव्याआठव्या बशीनंतर माणसं खुर्चीत पुढे सरकून बशीकडे बघायला लागली. खोलीत वास भरत चालला, एक नाही, कितीतरी ठिकाणच्या ओलीचा. एक म्हातारे गृहस्थ आपल्या शेजारच्या खुर्चीकडे वळून हळूच काही बोलले, आणि मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. एक बाई उठून पाणी प्यायला गेल्या तर बश्यांकडे पाठ न करता, भिंतीच्या कडेकडेने गेल्या. कुणी त्यांना हसलं नाही. मध्येच एक रिकामी, म्हणजे बशीचीच, खुर्ची करकरली. लाकूड आहे, करकरतं. पण निरीक्षकांनी वहीतून मान वर करून तिकडे बघितलं आणि मग तिकडे बघायचंच टाळलं. मला भयंकर भीती वाटत होती आणि तरी तिथून निघावंसं वाटत नव्हतं. खोली भरली होती, हे मी शपथेवर सांगेन. अठरा माणसांची खोली तशी वाटत नाही.

एकोणिसावी बशी सात मिनिटं उठेना. वन्संनी तिचं नाव पुन्हा घेतलं, जरा दटावून, आणि ती उठली.

मास्तरांची पुडी त्यांनी शेवटी ठेवली होती. उघडली तेव्हा मी पाहिलं, आत जेमतेम नखभर उरलं होतं. बाकीच्या पुड्या भरलेल्या आणि ही एवढी रिकामी कशी, असं माझ्या मनात आलं. वन्संनी नाव घेतलं. आवाज नेहमीचाच. थेंब सोडला. काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवाळ नुसतं भिजलं, चहाच्या चोथ्यासारखं. वन्सं दुसऱ्यांदा नाव घेईनात, हलेनात, नळी तशीच हातात. मी मनातल्या मनात म्हणत होते, उठा ओ मास्तर, एकोणीस वर्षं येतो येतो म्हणालात, आज तरी या. अर्धा तास गेला असेल.

निरीक्षक हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे तपकिरीच आहे."

"हो," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे पन्नास."

अध्यक्षांनी समोरची फाईल मिटली. मला रडू फुटलं. वन्संनी मात्र मास्तरांची बशी खुर्चीवरून उचलली, माझ्या हातात दिली आणि पिशवीतून आणखी एक पुडी काढली. बावन्नावी. ती अध्यक्षांची होती, तिशीत असताना सही करून पाठवलेली. त्यांनी ती नव्या बशीत उघडली आणि बशी त्या रिकाम्या, एकावन्नाव्या खुर्चीवर ठेवली.

"अध्यक्ष सभासदांत बसलेले नाहीत," त्या निरीक्षकांना म्हणाल्या. "पण त्यांची पुडी बसू शकते."

निरीक्षकांनी नियमावली चाळली. मान डोलावली. अध्यक्ष हसले, म्हणाले, चालू द्या तुमचा खेळ. वन्संनी नळी भरली. त्यांचं नाव घेतलं, तसंच, बाकीच्या तेहेतिसांचं घेतलं होतं तसंच, आणि उत्तरासाठी थांबल्या. नळीच्या टोकाला थेंब जमला. अध्यक्षांचं हसू तिथेच राहिलं. ते स्वतःच्या नावाच्या बशीकडे बघत होते, त्यातल्या तपकिरी भुग्याकडे. उठलं तर मंडळ तरणार होतं. आणि नाही उठलं तर काय, ते त्या खोलीत कुणालाच सांगावं लागत नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "माझ्यावर पाणी घालू नका."

माझ्या पुडीवर नाही म्हणाले, माझ्यावर. खुर्ची मागे सारून ते उठले, हजेरीपट ओढला, सही केली. मग टेबलाला वळसा घालून आले, ती कोरडी बशी दोन्ही हातांनी उचलून घेतली आणि एकावन्नाव्या खुर्चीवर बसले. बशी मांडीवर. सभा संपेपर्यंत ती त्यांनी खाली ठेवली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. नवा कारभार नेमला, ठेव मोडायची ठरली, मागची खोली ठेवून पुढची सोडायची, पत्रिका वर्षातून एकदाच आणि पातळ कागदावर. वेगळ्या झालेल्यांना पत्र लिहायचं, भांडण तुमचं आमच्याशी असेल, कपाटाशी नाही. हे शेवटचं वन्संनी सुचवलं, आणि खरंच पुढच्या दोन वर्षांत शंभराच्या वर पुड्या परत आल्या. मंडळ आजही आहे. शहाण्या माणसांनी बुडवलेलं आमच्या वन्संनी काढलं, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

सगळे गेल्यावर त्यांनी वही उघडली, पट्टी ठेवली आणि मास्तरांच्या नावावर लाल रेघ मारली. सरळ, एका दमात. कडेला तारीख घातली. मी शेजारीच उभी होते म्हणून दिसलं. त्या दिवशीची नव्हती. अकरा वर्षांपूर्वीची होती, ते पत्र परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

रस्त्यात आल्यावर मी विचारलं. आडपडदा ठेवलाच नाही. म्हटलं, वन्सं, ते तेव्हाही उठले नव्हते ना?

"नाही उठले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर रोज थोडं थोडं लावून पाहिलं तरी नाही. चौतीस वर्षांत एवढंच एक खोटं लिहिलं मी. शेवटची चिमूट ठेवून दिली होती. न भिजवलेली."

मला राग आला, खरंच राग आला. म्हटलं, मग त्या निरीक्षकाला हो कशाला म्हणालात? गप्प बसायचं होतं. मंडळ बुडालं असतं, वही बंद झाली असती. कुणी बघायला आलं नसतं. मास्तर जागेच राहिले असते की जन्मभर.

"राहिले असते," त्या म्हणाल्या. "पण बाकीचे बत्तीस खरंच जागे होते गं. तेही कुणाचे तरी असतीलच ना."

मी तिथेच, भर रस्त्यात, तोंडाला पदर लावून रडले. त्या थांबल्या नाहीत, आणि मला त्यांना गाठायला पळावं लागलं.